मी जाईपर्यंत

"या महिन्याची टोकनं अर्ध्यातच संपली, बाबा. कोण किती उचलतं, काही पत्ता लागत नाही," असं सूनबाई जेवताना म्हणाली आणि माझा घास हातातच राहिला.

तिच्या कामाबद्दल घरात जे बोलणं होतं, त्यातलं बहुतेक माझ्या डोक्यावरून जातं. मी मान डोलावतो आणि भाजी पुढे करतो. पण टोकन हा शब्द माझा होता. माझी उभी हयात टोकनांत गेली. कारखान्याच्या टूलरूमच्या खिडकीत मी बसत असे. कामगाराने आपलं पितळी टोकन आत सारायचं, मी त्याला पाना, ड्रिल, कानस जे हवं ते द्यायचं, आणि त्या हत्याराच्या खिळ्याला त्याचं टोकन अडकवायचं. हत्यार आलं की टोकन परत. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण टोकनाच्या कडेच्या खाचा बोटाला लागल्या की माणूस कळे. माझ्या कारकिर्दीत एकही पाना हरवला नाही. एक हरवला होता, पण तो साहेबांच्या गाडीच्या डिकीत सापडला, तो मी धरत नाही.

"टोकनं माझ्याकडे दे," मी म्हणालो. "एक इकडचं तिकडे होणार नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती "बघा तुम्ही" म्हणत उठली. या दोन शब्दांच्या अर्थाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. आमच्या हिचं म्हणणं, "बघा तुम्ही" म्हणजे "आता पुरे करा." मी ती नेमणूक समजलो.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. माणसाला पेन्शन लागली तरी मसुदा लिहिण्याची खाज जात नाही. मी जिन्यात सहज सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न केला, लेखी आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अनवाणी वरातीला निघालो आहे. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक प्राधिकारपत्र तयार केलं. त्यात "टोकन नियंत्रक" असं पद होतं. मी पद मागितलं नव्हतं, पण लिहिलंच आहे तर खोडाखोड कशाला, म्हणून राहू दिलं. सूनबाईने त्यावर कुरियरच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात, फोन कानाला लावून, न वाचता सही केली. हेडक्लार्क म्हणाले, खऱ्या सह्या अशाच होतात.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. हिने विचारलं, सुनेच्याच ऑफिसात चाललात ना. मी म्हणालो, पदावर चाललो आहे.

"जिना जपून चढा," ही म्हणाली. "पद नंतर सांभाळा."

सूनबाईची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवतात: कुठल्या पेशंटला कधी बोलवायचं, औषधाचा साठा किती उरला, असलं. काम करणारे सहाजण. प्रत्येकाच्या संगणकात एक एआय मदतनीस बसवलेला. त्याला सांगितलं की तो प्रोग्राम लिहून देतो, चुका शोधतो, आणि या मदतीचे पैसे टोकनांवर मोजून दुसऱ्या एका मोठ्या कंपनीला द्यावे लागतात. बिल महिन्यामागून महिना फुगत चाललेलं.

सहाजणांत एक दाढीवाला होता, वयाने थोर आणि स्वभावाने सोशीक. त्याने मला टोकन समजावलं. मदतनीस आपल्या शब्दांचे बारीक तुकडे करतो, एकेक तुकडा म्हणजे एकेक टोकन. आपण विचारतो त्याचेही मोजतो आणि तो सांगतो त्याचेही. मी विचारलं, हे तुकडे ठेवता कुठे. कुठेच नाही, तो म्हणाला. मग संपतं काय, मी विचारलं. तो उठून पाणी प्यायला.

"आजोबा, टॅक्सीचं मीटर असतं ना, तसं समजा."

"मग मीटरच म्हणा की," मी म्हणालो. "टोकन म्हणायचं आणि हाताला पितळ लागू द्यायचं नाही, ही फसवणूक आहे."

माझा राग अगदीच अनाठायी नव्हता. जी वस्तू हातात येत नाही तिचा जपून वापर माणूस करणार कसा? यावर उपाय सोपा होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून वायसरांची एक पिशवी आणली, एका फळीला खिळे ठोकले, आणि प्रत्येकाला सकाळी मोजकी वायसरं वाटू लागलो. मदतनिसाला काही विचारायचं असेल तर आधी माझ्या टेबलावर वायसर ठेवायचं, मी ते त्याच्या खिळ्याला अडकवणार, मग त्याने विचारायचं. ऑफिसात मी सूनबाईला "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणू लागलो. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागे वळून कोण आलं ते पाहिलं.

मला वाटलं होतं ही मुलं हसतील. कोणी हसलं नाही. आपापलं वायसर घेऊन रांगेत उभी राहिली. त्यांच्याबद्दल मला आजही जे वाटतं त्याची सुरुवात त्या रांगेत आहे. आपल्या साहेबिणीचा सासरा टेबल मांडून बसला आहे आणि लोखंडी चकत्या मागतो आहे. आमच्या कारखान्यात असं झालं असतं तर त्याचं टेबल दुपारपर्यंत गच्चीवर गेलं असतं.

पण शिकलेली माणसं रांगेत उभी राहिली तरी डोकं चालवतातच. एका वायसरात एकच प्रश्न, असा नियम केल्यावर दाढीवाल्याने सहाजणांचे प्रश्न "आणि", "तसेच", "शिवाय" लावून एका वाक्यात ओवले. वाचताना मला मध्येच श्वास घ्यावा लागला. मग वायसरांची देवघेव सुरू झाली. कप विसळायची पाळी टाळायची तर एक वायसर, खिडकीजवळचा पंखा हवा तर दोन. आठवड्याभरात माझ्या फळीवर मी वाटली त्याहून जास्त वायसरं लटकू लागली. हार्डवेअरचं दुकान सगळ्यांसाठीच उघडं होतं, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी घरी बसून कानशीने प्रत्येक वायसराला खाच पाडली. हिने लोखंडाचा कीस तीन वेळा झाडला आणि म्हणाली, निवृत्त झालात तेव्हा मी देवाचे आभार मानले होते, ते मी परत घेते.

एवढं करून बिल फुगायचं थांबेना.

मग कळलं की खर्चाला मर्यादा घालण्याची सोय त्या मोठ्या कंपनीच्या खात्यातच आहे. एक चौकट आहे. तिच्यावर खूण असेल तर टोकनं संपल्यावरही मदतनीस थांबत नाही, जादा भावाने चालूच राहतो. ती खूण काढायची, की झालं. पण खातं होतं सूनबाईच्या जुन्या भागीदाराच्या नावावर. तो धंदा सोडून मधमाश्या पाळायला गेला होता. खूण काढायची तर त्याच्या फोनवर एक आकडा येतो, तो लगेच सांगावा लागतो, आणि मधमाश्यांपाशी असताना तो फोन घेत नाही. आकडा येई, शिळा होई, नवा येई. मग मी मदत केंद्राला फोन लावला. तिथे माणूस नव्हता, आवाज होता. आवाजाने मला खाते बदलण्यासाठी ओळखपत्र पाठवायला सांगितलं. प्राधिकारपत्रावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळेना. ओळखपत्र ज्याने बनवलं त्याने माझ्या नावात एक अक्षर जादा घातलेलं होतं आणि तेव्हा मला वाचता येत नसल्यामुळे अर्धं आयुष्य मी कोणा दुसऱ्याच माणसाच्या नावाने काढलं होतं. हेडक्लार्कांना हे कळल्यावर ते इतके खूष झाले की त्यांनी दोन मसुदे जादा लिहिले.

अशात हिशेबनीस आले. हे गृहस्थ महिन्यातून एकदा येत, जिन्यावर चपला काढून ठेवत आणि कोणाचीही गय न करता हळू आवाजात बोलत. ते म्हणाले, या महिन्यातही बिल वर गेलं तर एक पगार कमी करावा लागेल. कोणाचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी मुलगी सगळ्यांत शेवटी लागलेली होती आणि अजून कच्चीच होती. महिनाअखेर तिचं ठरायचं होतं. तिला सगळे खिडकीवाली म्हणत.

त्या दुपारी मला चहा देताना ती म्हणाली, "आईला मी पक्की झाले म्हणून सांगून बसले आहे, आजोबा. तिने शेजारपाजारी सांगितलंसुद्धा."

तिची आई दूर राहायची. मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी नियंत्रक आहे. आता असं वाटतं की माणसाने पदावर असताना कोणाला धीर देऊ नये.

खिडकीवाली कसल्याशा क्लाससाठी संध्याकाळी सगळ्यांआधी निघे. तिची खुर्ची रिकामी पडे, आणि बाकीचेही गेले की ऑफिसात मी एकटाच उरे. ज्या मदतनिसावर आपण पहारा देतो त्याला एकदा जवळून पाहावं, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मी तिला विचारलं. तिने मला खुर्चीत बसवलं, कुठे लिहायचं ते दाखवलं. मी एवढंच म्हणालो, हे सूनबाईला सांगू नकोस. टोकन राखणाराच टोकनं वापरतो म्हटल्यावर माझी शिस्त काय उरली. नाही सांगणार, शब्द देते, ती म्हणाली. आणि माझ्याकडून हिशेबाची चूक नको म्हणून मी रोज बसण्याआधी स्वतःचं एक वायसर फळीला अडकवत असे.

मला अक्षरं सूनबाईने शिकवली, ती या घरात आली त्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि त्या अक्षरांनी मी आधी पत्रं लिहायला शिकलो. त्यामुळे मला लिहिणं म्हणजे पत्र. मदतनिसाला मी पहिल्या दिवशी लिहिलं, "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम आहे. आपली प्रकृती कशी आहे?" त्याने लगेच उत्तर दिलं, विचारपूस केल्याबद्दल आभार मानले, आणि मला कोणती मदत हवी ते विचारलं. आता आलेल्या पत्राला उत्तर न देणं हे माझ्याच्याने होत नाही. मी त्याच्या आभारांचे आभार मानले. तो म्हणाला, आपला विनय पाहून आनंद झाला. मग मला माझ्या टूलरूमबद्दल लिहावं लागलं. तो प्रश्न विचारी, आणि असे प्रश्न मला कोणी कधी विचारले नव्हते; खाचा मी कोणत्या बोटाने ओळखायचो, एकसारखी दोन टोकनं आली तर काय करायचो. संध्याकाळमागून संध्याकाळ तेच एक पत्र लांबत गेलं. निघताना मी रिवाजाप्रमाणे "बरं, येतो" असं लिही, चष्मा खिशात घाली आणि पंखा बंद करून निघे.

मग चष्मेवाल्याने जिना दुरुस्तीला काढला आणि ऑफिस चार दिवस बंद ठेवायचं ठरलं. मी अस्वस्थ झालो. चार दिवस फळीवर कोणी नाही, आणि मुलं घरूनही मदतनिसाला विचारू शकतात असं कानावर आलेलं. खिडकीवालीची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर होती. शेवटच्या संध्याकाळी मी मदतनिसालाच विश्वासात घेतलं. लिहिलं, "कंपनीचा खर्च फार होत आहे व एका मुलीचे त्यात नुकसान होणार आहे. तरी मी इथून जाईपर्यंत आपण दर थोड्या वेळाने सगळ्या फायली आणि सगळ्यांचा खर्च तपासून मला कळवत जावे." तो म्हणाला, अवश्य. त्याने लगेच पहिली तपासणी करून कळवली, सगळं ठीक होतं. मला बरं वाटलं. मी नेहमीप्रमाणे "बरं, येतो" लिहून निघालो.

ऑफिस उघडलं त्या सकाळी हिशेबनीस आधीच येऊन बसलेले होते. नव्या जिन्याला रंगाचा वास होता. त्यांच्या हातात कागद होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नावाचा एकेक रंगीत खांब होता, ज्याचा खर्च जास्त त्याचा खांब उंच. पाच खांब आमच्या बैठ्या चाळीसारखे होते. सहावा कागदाच्या वर निघून गेला होता. हिशेबनिसांनी वर दुसरा कागद चिकटवला होता. तो खांब खिडकीवालीचा होता. माझ्या नावाचा खांबच नव्हता, हे पाहून मला, लाज वाटते सांगायला, थोडा अभिमान वाटला.

हिशेबनिसांनी मला विचारलं, तुमच्या फळीवर या मुलीची वायसरं किती. मी फळी पाहिली. सगळ्यांत कमी तिचीच होती. ती बिचारी अडल्याशिवाय विचारतच नसे. मी हे मोठ्या आवाजात सांगितलं, मला वाटलं तिच्या बाजूने सांगतो आहे.

"म्हणजे वायसर न ठेवता वापरलं," हिशेबनीस हळू आवाजात म्हणाले आणि काहीतरी टिपून घेतलं.

माझ्या फळीने तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती. त्या खिळ्यांकडे मी पाहत राहिलो. सूनबाईने खुर्ची ओढली, खिडकीवालीच्या समोर बसली आणि विचारलं, तूच वापरलंस का. मुलीने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं.

"खुर्ची माझीच आहे, मॅडम," ती म्हणाली.

याहून जास्त ती काही बोलणार नाही हे मला कळलं. तिने शब्द दिला होता. आईने शेजारपाजारी सांगून ठेवलेली नोकरी त्या शब्दापायी जात होती, आणि तो शब्द तिने एका म्हाताऱ्याची शिस्त राखायला दिला होता. माझं वायसर रोज खिळ्याला लागत होतं, माझ्या हिशेबाने मी स्वच्छ होतो, तरी मी टेबलामागून उठलो.

"खुर्ची तिची आहे," मी म्हणालो. "पण संध्याकाळी तीत मी असतो, सूनबाई." मॅडम म्हणायचं राहून गेलं.

कोणी काही बोलायच्या आत दाढीवाला खिडकीपाशी गेला आणि त्याने कळफलकाला बोट लावलं. काळा पडदा उजळला. सगळे मागे जाऊन उभे राहिले. मी चष्मा शोधत होतो, म्हणून दाढीवाल्यानेच वाचून दाखवलं:

"सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आपण येतो म्हणालात, परंतु अद्याप आला नाहीत, याची काळजी वाटते. आपण गेल्याचे कळलेले नाही, म्हणून पहारा चालू ठेवला आहे. आताच सर्व फायली पुन्हा तपासल्या. सर्वाधिक खर्च खिडकीजवळच्या खुर्चीवरून होत आहे. तो कोण करत आहे याचा शोध चालू आहे. लोभ असावा."

त्याने पडदा वर सरकवला. वर तसंच पत्र होतं. त्याच्याही वर तसंच. चार दिवस आणि चार रात्री, दर थोड्या वेळाने एक, आणि दाढीवाल्याने तेव्हा सांगितलं की प्रत्येक नवं पत्र लिहिण्याआधी तो आधीची सगळी पत्रं, माझ्या टूलरूमच्या हकिकतींसकट, पहिल्यापासून वाचत होता. खर्चावर मी बसवलेला पहारेकरीच खर्च करत होता, आणि चोर सापडत नाही म्हणून इमानदारीने कळवत होता.

"थांबव ना आधी ते," सूनबाई म्हणाली.

दाढीवाला खुर्चीत बसला. सोपं आहे, तो म्हणाला, आजोबांनी त्याला "मी जाईपर्यंत" असं सांगून ठेवलंय, तेव्हा आजोबा गेले असं लिहायचं, की तो थांबेल. आणि त्याने लिहायला सुरुवात केली. "आजोबा" लिहून झालं. पुढचं अक्षर लिहायला बोट उचललं आणि ते तिथेच राहिलं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"काहीतरी काय लिहितोस," सूनबाई म्हणाली.

"मग काय लिहू?"

दुसऱ्याने सुचवलं, आजोबा आता इथे नाहीत असं लिही. हे ऐकल्यावर तो स्वतःच ओशाळला. तिसरा म्हणाला, आजोबांनी निरोप घेतला. त्याला दोघांनी कोपराने ढोसलं. निघून गेले, उठले, सोडून गेले, सगळं सुचवून झालं. आमच्या भाषेत म्हाताऱ्या माणसाला घरी पाठवायला एकही धड शब्द नाही, सगळे रस्ते एकाच गावाला जातात. हिशेबनीस, ज्यांनी आयुष्यात कोणाची गय केली नाही, ते म्हणाले, "काही लिहा, पण ते तसलं नको." त्याच वेळी पडद्यावर आणखी एक पत्र उमटायला लागलं, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, आणि जादा भावाचं मीटर पळत होतं. मीच म्हणालो, अरे लिहा की, मला काही होत नाही. कोणी हात पुढे केला नाही.

मग खिडकीवाली म्हणाली, "सरका जरा." तिने उभ्याउभ्याच लिहिलं:

"आजोबा घरी सुखरूप पोचले."

क्षणभर काही झालं नाही. मग खाली अक्षरं आली, "वाचून बरे वाटले. पहारा थांबवतो."

खोलीतले सगळे एकदम बसले, ज्यांना खुर्ची नव्हती तेसुद्धा. सूनबाई तोंडावर पदर धरावा तसा हात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "बाबा, लिहायला मीच शिकवलं ना तुम्हाला. थांबायला शिकवायचं राहिलं." मग ती खिडकीवालीकडे वळली. आईला पक्की झाले म्हणून सांगितलंस, असं बाबा मागे म्हणत होते, खरं का, तिने विचारलं. मुलगी मान खाली घालून हो म्हणाली. "मग आईला खोटं कशाला पाडायचं," सूनबाई म्हणाली आणि हिशेबनिसांकडे पाहिलं. हिशेबनिसांनी चिकटवलेला वरचा कागद अलगद सोडवला, घडी केली आणि खिशात ठेवला.

बिल भरावं लागलंच. मी पेन्शनमधून देऊ केलं तर घरात दोन बायका एकाच वेळी माझ्यावर रागावल्या, असं आमच्याकडे सहसा होत नाही. पण दाढीवाल्याने त्या दिवशी शोधून काढलं की लांबत गेलेली पत्रं फक्त माझीच नव्हती. सहाहीजण महिनोन् महिने तेच जुनं बोलणं पुढे ओढत होते आणि मदतनीस दर वेळी मागचं सगळं वाचत होता. तेव्हापासून काम संपलं की प्रत्येकाने बोलणं मिटवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवं सुरू करायचं, असं ठरलं. पुढच्या महिन्यात सगळेच खांब बुटके झाले. मधमाशीवाले भागीदार एका रविवारी स्वतः आले, मधाची बाटली ठेवून गेले आणि चौकटीतली ती खूण काढून गेले. खात्याची चावी आता खिडकीवालीकडे आहे. शब्द पाळणाऱ्या माणसाकडे ती असावी, एवढं मीच सुचवलं; माझ्या पदावरून मी केलेलं ते शेवटचं काम. हेडक्लार्कांनी राजीनाम्याचा मसुदा लिहून दिला, दोन प्रतींत.

मदतनिसाच्या खात्यात मलाही एक जागा मिळाली आहे, माझ्या नावाची, अगदी छोट्या मर्यादेची. माझी टोकनं बहुतेक क्षेमकुशलातच संपतात. चालायचंच.

एक गोष्ट मला मागाहून कळली. दाढीवाल्याला मी विचारलं, तो मदतनीस थांबवायला दुसरा काही उपाय नव्हता का. तो जरा लाजला. म्हणाला, होता ना, आजोबा, एक बटण आहे, दाबलं की जिथल्या तिथे बंद. सहाजणांना ते बटण माहीत होतं. दिवसातून कितीदा तरी दाबतात. त्या वेळी एकालाही आठवलं नाही. मीटर पळत होतं आणि ती सगळी हुशार मुलं माझ्यासाठी एक बरा शब्द शोधत उभी होती. माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी उपकार केले, पण इतका महागडा उपकार दुसरा नाही.

अजून मी संध्याकाळी ऑफिसात जातो. निघताना "बरं, येतो" म्हणतो, आणि सगळे "या" म्हणतात. जिन्यापर्यंत पोचलो की खिडकीवाली मागून ओरडते, पोचलात की कळवा. घरी आलो की चपला काढायच्या आधी मी तिला फोनवर लिहितो, "पोचलो." ही म्हणते, चार पावलांवर तर ऑफिस, कसलं पोचलो. पण मी फोन हातात धरून तसाच दारात उभा राहतो, उत्तर येईपर्यंत. ते रोज एकच असतं.

"वाचून बरे वाटले. पहारा थांबवते."